हाताची घडी, तोंडावर बोट

संपादक महोदय,

परवा आमच्या भागातल्या एका शाळेत मुलांसाठी ‘देहबोली आणि मुलाखत’ अशी कार्यशाळा झाली. नातीला सोडायला गेले होते, तर मागच्या बाकावर बसून मीही ऐकली. वक्ते म्हणाले, हाताची घडी घालणारा माणूस मनाची दारं लावून बसलेला असतो. मला हसू आवरेना. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणत मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळांत ३१ वर्षं मुलं सांभाळली!

मग पडद्यावर आकडे आले: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८, चेहरा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही, एवढंच त्यांत ओळखायचं होतं. सगळ्या बोलण्याला ते लावू नका, असं खुद्द मेहराबियनच सांगत आले. नाहीतर आमच्या गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या रशियन पर्यटकाचं बोलणं आपल्याला ९३ टक्के कळलं असतं. तिथल्या शॅकवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळवाल्यांना विचारा.

उठण्याबसण्याची छाप पडते, हे मान्य. आमच्या उत्सवी नाटकात गवंडीकाम करणारा मुलगा राजा झाला होता. आधी नजर, मग मान, मग खांदे, असं वळायला त्याला महिनाभर घोटवलं. नाटकाच्या रात्री त्याची आईच म्हणाली, “हो आमचो न्हयच!” (हा आमचा नव्हेच!)

पण छाप खरीच असते असं नाही. बालवाडीच्या मदतनीस निवडायला एकदा मला बसवलं होतं. एक मुलगी खुर्चीच्या टोकावर टेकलेली, नजर पायांच्या अंगठ्यावर. “धीर नाही हिला,” मी शेजारणीच्या कानात म्हटलं आणि दुसरीला घेतलं. पुढे एका लग्नात तीच मुलगी दिसली. रडणारी, भांडणारी पंधरा-वीस पोरं तिने आवाज न चढवता पंगतीला बसवली. मोठ्यांसमोर नजर वर करायची नाही, हे वळण तिला घरचं असणार. आणि शाळेचंही. “वर काय बघतेस?” म्हणून मीच कितीजणींवर ओरडले असेन.

माझी विनंती एवढीच. मुलांना ताठ बसायला जरूर शिकवा, पण आधी एक कार्यशाळा मुलाखती घेणाऱ्यांसाठी ठेवा. त्यात माझं नाव पहिलं घाला.

— एक निवृत्त शिक्षिका, वाळपई