चर्च एकट्या गायिकेने बांधले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या स्वीडिश चर्चवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यातल्या चर्चचे गाव, इलिनॉयमधले अँडोव्हर, आमच्या मोलीनपासून गाडीने अर्ध्या तासावर, म्हणून जरा जास्तच बारकाईने वाचला. पण सगळा लेख स्वीडिश गायिका जेनी लिंडनेच व्यापला आहे. 'तिने चर्च बांधून दिले' हे वाक्य तर हिशेबात बसत नाही. (इथल्या मराठी मंडळाची खजिनदारी केलेल्या माणसाला असली वाक्ये खुपतात.)

तिने १५०० डॉलर दिले हे खरे, आणि त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. पण मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांची संस्था, तिच्या आधीची. पाळक (चर्चचे धर्मगुरू) लार्स पॉल एस्ब्योर्न यांनी १८ मार्च १८५० रोजी अवघ्या दहा सभासदांनिशी ती स्थापली. पूर्वेकडच्या शहरांत ते निधी मागत फिरले आणि लिंडची देणगी मिळाली ते त्यानंतर.

मला त्या दहा जणांचे अप्रूप जास्त. स्वीडनमध्ये तेव्हा चर्च सरकारी. जन्मलात की सभासद. पाळकाने घरोघरच्या माणसांची नोंद ठेवायची, धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीवर (धर्मशिकवणीच्या पुस्तिकेवर) परीक्षा घ्यायची, कोणाला कितपत वाचता येते तेही वहीत मांडायचे. गाव सोडायचे तरी त्याच्याच सहीचा दाखला! तो दाखला घेऊन माणसे इलिनॉयच्या माळावर उतरली, तर इथे चर्चही नाही आणि पाळकाला पगार देणारे सरकारही नाही. सुरुवातीला एस्ब्योर्नना मदत मिळाली ती अमेरिकन होम मिशनरी सोसायटीची, म्हणजे लूथरन (लूथरच्या पंथाच्या) नसलेल्यांची. वर्गणी काढणे, जमाखर्च लिहिणे, सभेत ठराव करणे हे सगळे या शेतकऱ्यांना नव्याने शिकावे लागले. लेखात याचा उल्लेखही नाही.

चर्चला मनोरा नाही, ही गोष्टही एका ओळीत उरकली आहे. कॉलऱ्याने माणसे पटापट जात होती. मनोऱ्यासाठीचे लाकूड शवपेट्यांना लागले, तळघरात रोगी ठेवावे लागले. डिसेंबर १८५४ मध्ये चर्चचे समर्पण झाले ते बिनमनोऱ्याचेच. लिंडचे नाव तेवढे टिकले. आजही ते जेनी लिंड चॅपलच. नाव देणगीदाराचे लागते, त्याबद्दल तक्रार नाही.

अशाच मंडळ्यांतून १८६० मध्ये विस्कॉन्सिनला ऑगस्टाना सिनॉड (लूथरन मंडळ्यांची मध्यवर्ती संघटना) स्थापन झाली आणि १९६२ पर्यंत ती स्वतंत्रपणे चालली. तिचा पाया एका मैफलीच्या पैशावर घातला गेला असे वाचकांना वाटू नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

पुढच्या भागात शिकागोची इमॅन्युएल मंडळी येणार असल्याचे लेखाखाली म्हटले आहे. १८७१ च्या आगीत तिचे चर्च जळाले आणि पुन्हा उभे राहिले. आगीचे वर्णन लेखकांनी हवे तेवढे करावे, पण सभासदांचीच घरे जळालेली असताना चर्चसाठी पैसा कसा जमला, तेही जरूर लिहावे.

आपला,
एक वाचक, मोलीन (इलिनॉय)