फ्रीझरमधली बिअर आणि माझा आमरस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिअर गोठवून, वरचा बर्फ काढून टाकून ती कडक करण्याचा जो लेख काल रविवारच्या पुरवणीत छापलात, त्याचा फोटो भाच्याने मला सकाळी साडेसातलाच पाठवला. खाली एकच ओळ : ‘मावशी, बघ, पेपरात आलंय!’

गेल्या जूनमध्ये या चिरंजीवांनी हाच उद्योग माझ्या फ्रीझरमध्ये केला होता. 650 मिलीची बाटली, बूच न काढता, आडवी. पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. घरच्या पोराला शिकवायचं राहिलं. रात्री कधीतरी बाटली फुटली. मे महिन्यात भरून ठेवलेल्या आमरसाच्या सहा पिशव्यांमध्ये काचा घुसल्या, सहाही फेकाव्या लागल्या. देवगड हापूस होता, संपादक महाशय, पायरी नव्हे.

बाटली उघडून पातेल्यात ओता, एवढी साधी सूचना तुमच्या लेखात नाही. जर्मनीतल्या कुल्मबाख गावी शिकाऊ पोराने थंडीत बाहेर विसरलेल्या आणि गोठलेल्या बिअरच्या पिंपाची दंतकथा मात्र अर्धा रकाना. त्या जर्मन पोराला थंडी तरी फुकट होती, इथे विजेचं बिल मी भरते.

‘चूल नाही, नळी नाही, म्हणजे गुन्हाही नाही’ असं लेखक ठासून सांगतात. आपला 1949 चा दारूबंदी कायदा चुलीची चौकशी करत नाही. प्रक्रिया नैसर्गिक असो वा कृत्रिम, मद्य तयार झालं की ते ‘तयार करणं’च, आणि परवाना नसेल तर शिक्षेचं कलम 65 आहे. घरी बिअर आंबवली तिथेच गाडी अडते, गोठवण्यापर्यंत जायलाच नको. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांच्या सहीने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली ती अमेरिकेत, आणि तिथेही दारू गाळायला नाही. गोव्याच्या फेणीचा दाखला कशाला दिलात कळलं नाही. तिथल्या भट्टीलाही परवाना लागतो.

भाचा 22 वर्षांचा आहे. महाराष्ट्रात बिअरला वय 21 लागतं, कडक दारूला 25. फ्रीझरमधून निघालेला माल यातला कोणता, हे ठरवायला कोणाला बोलवू?

आणि गोठवून बिअर ‘शुद्ध’ होते म्हणे! बर्फाबरोबर जातं ते बहुतांशी पाणी. बाकीचं सगळं मागे राहतं, आणखी दाट होऊन. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखीसुद्धा. मी काही सोवळी बाई नव्हे, पण छापण्याआधी रसायनशास्त्राच्या एखाद्या माणसाला दाखवलं असतंत तर काय बिघडलं असतं?

जागा होती, तर तीन रविवार शब्दकोड्याची उत्तरं का नाहीत? आडवा 14 मला अजून सुटलेला नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
डोंबिवली (पूर्व)