मॅडम, तुम्ही त्याची गोष्ट वाचलीत

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुमच्या एकटीच्या हातात देता आलं असतं. पण माझ्या मुलाला ज्यांनी नावं ठेवली, त्यांनी ती चारचौघांत ठेवली होती. मग त्याच्यासाठी जे चांगलं झालं, तेही चारचौघांतच सांगायचं असं मी ठरवलं.

सातवीत तुमच्या वर्गात आला तेव्हा तो कसा होता, ते तुम्ही पाहिलं आहे. इंग्रजीचा तास आला की मान खाली, वही हाताने झाकलेली, काही विचारलं की "येत नाही". तो जन्मतः असा नव्हता. त्याला असं करण्यात आलं, आणि ते आठवलं की मला आजही संताप येतो. आधीच्या एका शिकवणीत रोज शब्दांची लांबलचक यादी मिळायची. अर्थ पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी धडाधड म्हणून दाखवायचे. आठवड्याने विचारलं तर त्यातलं काही आठवायचं नाही, आणि खापर फुटायचं ते पोराच्या डोक्यावर. व्याकरण म्हणजे काळांचा तक्ता. तो तक्ता त्याला तोंडपाठ होता, पण स्वतःचं एक वाक्य लिही म्हटलं की पेन थांबायचं. गोष्ट शिकवायची म्हणजे पात्र, स्थळ-काळ, कथानक, संघर्ष, आशय यांच्या व्याख्या उतरवून घ्यायच्या. गोष्ट मात्र कुणी वाचायचंच नाही. शेवटी एके दिवशी इतर पालकांसमोर, त्याच्यादेखत, ऐकवण्यात आलं: "याचा पायाच कच्चा आहे, फार अपेक्षा ठेवू नका."

त्यानंतर तो घरी इंग्रजीचा एक शब्दही बोलेनासा झाला.

मॅडम, तुम्ही वर्षभरात त्याच्यासाठी पुष्कळ केलंत. पण मला सगळ्यात आधी लिहायचं आहे ते एका ओळीबद्दल. कदाचित तुम्हाला ती आठवतही नसेल. तुम्ही वर्गाला स्वतःच्या मनाने एक गोष्ट लिहायला सांगितली होती. याने हरवलेल्या कुत्र्याची लिहिली, जेमतेम पानभर. त्यात शेवटी वाक्य होतं, "ही डिड नॉट केम बॅक." स्पेलिंगच्या चुका होत्या, विरामचिन्हांचा पत्ता नव्हता. तशी पानं आधीही घरी यायची, लाल शाईने भरून, इतकी की मुलाचं अक्षर शोधावं लागायचं. या वेळी पान स्वच्छ होतं. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात तुम्ही फक्त विचारलं होतं: "व्हाय डिड ही नॉट कम बॅक? आय वॉन्ट टु नो."

त्या दिवशी तो वही उघडी धरूनच घरात आला. कुणी त्याची गोष्ट वाचली होती, आणि वाचणाऱ्याला पुढचं हवं होतं! जेवायला बोलावलं तरी उठेना. तुमच्या प्रश्नाखाली त्याने उत्तर लिहिलं, "ही डिड नॉट कम बॅक बिकॉज ही वॉज अफ्रेड ऑफ द ब्रिज." मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. 'डिड नॉट केम'चं 'डिड नॉट कम' झालं होतं, आणि त्याला कुणीही चूक दाखवली नव्हती. बरोबर रूप तुम्ही प्रश्नातच ठेवलं होतंत. भूतकाळ 'डिड'नेच सांगून झालेला असतो, म्हणून पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं, हा नियम त्याने शिकवणीत कितीदा तरी घोकला होता. हाताला तो लागला तेव्हा, जेव्हा त्याला कुणाला तरी खरोखर काही सांगायचं होतं.

नंतर पालकसभेत तुम्ही म्हणालात की ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलाला गोष्ट भूतकाळातली आहे हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो ते दोनदा सांगतो. किती न्यायाने बोललात! चुकीमागचं मुलाचं डोकं बघणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

त्या सभेनंतर मी स्वतः या विषयावर वाचायला लागले. तेव्हा कळलं की नुसतं सुटं व्याकरण शिकवून मुलांचं लेखन फारसं सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ त्यात गेला तर नुकसानही होऊ शकतं, असं अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात 1963 सालीच म्हटलं होतं. इतकी जुनी गोष्ट, आणि आमची मुलं अजून तक्ते घोकतात. तुम्ही व्याकरण सोडलं नाहीत. ते मुलांच्याच वाक्यांतून काढलंत. तीन तुटक वाक्यं द्यायची आणि म्हणायचं, यांचं एक करा. मग 'बिकॉज' वापरायचं की 'ऑल्दो', कुठलं वाक्य आधी घ्यायचं, यावर आमच्या घरी वाद झडू लागले.

शब्दांचंही तसंच. यादी नाही, मोजकेच शब्द, तेही असे की इतिहासाच्या धड्यात भेटतील आणि विज्ञानाच्याही. प्रत्येक शब्दासाठी पानावर चार चौकोन: अर्थ, त्याची वैशिष्ट्यं, उदाहरणं, आणि जे उदाहरण नाही ते. ही चौकट डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मांडली, हेही मी नंतरच वाचलं. मला मात्र आठवतो तो याने भरलेला चौथा चौकोन. शब्द होता 'रिलक्टंट', म्हणजे मनाविरुद्ध, नाखुशीने करणारा. "काय नाही" या चौकोनात त्याने लिहिलं होतं, "सुट्टीत खेळायला निघालेला मी". आणि उदाहरणाच्या चौकोनात, "इंग्रजीच्या तासाला निघालेला मी, मागच्या वर्षी." ते 'मागच्या वर्षी' वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मॅडम.

गोष्टीचे घटक शिकवताना फळ्यावर तुम्ही तो डोंगर काढलात: चढ, शिखर, उतार. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये तो मांडला होता, पण नाटकांसाठी, म्हणून प्रत्येक गोष्ट त्यात कोंबायची नाही, हे तुम्ही मुलांना आवर्जून सांगितलंत. व्याख्यांच्या जागी तुमचे प्रश्न होते. याला काय हवंय? आड काय येतंय? शेवटी याच्यात काय बदललं? हीच गोष्ट कुत्र्याने सांगितली असती तर? या शेवटच्या प्रश्नावर त्याने सगळी गोष्ट नव्याने लिहून काढली, कुत्र्याच्या तोंडून. दृष्टिकोन म्हणजे काय, हे त्याला आता व्याख्या करून सांगता येईल की नाही मला माहीत नाही. पण कुत्र्याला पुलाखालच्या पाण्याचा आवाज ऐकू येतो आणि मुलाला येत नाही, हे त्याने बरोबर पकडलं होतं.

लोक म्हणतात, चांगल्या शिक्षकाला विषय यावा लागतो. यावाच लागतो, तुम्हाला तो उत्तम येतो. पण वह्यांचा गठ्ठा समोर असताना, घरी जायची घाई असताना, एका मुलाचं पानभर लेखन शेवटपर्यंत वाचायचं आणि मग त्याला मनापासून प्रश्न विचारायचा, याला माणूस चांगलं असावं लागतं. लहान मुलाचं म्हणणं मोठ्या माणसाच्या म्हणण्याइतकंच खरं मानायचं, त्याला चारचौघांत लाजवायचं नाही, इतक्या साध्या सभ्यतेसाठी ना वेगळा तास लागतो ना वेगळा पगार. तरी ती किती कमी ठिकाणी सापडते! तुमच्या वर्गात ती रोज होती, आणि सगळ्यांसाठी होती. फक्त हुशारांसाठी नव्हती, हे मी त्या वर्गातल्या इतर आयांकडूनही ऐकलं आहे.

तो आता पुढच्या वर्गात गेला. इंग्रजीत पहिला वगैरे आलेला नाही, स्पेलिंग अजून चुकतं. पण हात वर करतो, वही झाकत नाही. परवा धाकट्या बहिणीच्या चित्राखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, "हा माणूस कुठे चाललाय?" ती लगेच रंग घेऊन बसली.

तुमच्यासमोर उभं राहून त्याला हे काही बोलता येणार नाही, लाजरा आहे. म्हणून त्याच्या वतीने आणि आमच्या घरातल्या सगळ्यांच्या वतीने मी लिहिते आहे. मनापासून आभार, मॅडम.

तुमची ऋणी,
तुमच्या एका विद्यार्थ्याची आई