आणीबाणीसाठी दिलेल्या नंबरवर वसुलीचा फोन केल्याबद्दल तक्रार

प्रति,
संचालक / केंद्रप्रमुख

आज सकाळी तुमच्या 'क्लायंट केअर'शी बोलणं झालं, म्हणून आता हे लेखी.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी पाचचं माझं थेरपीचं सेशन होतं. तुमचं सेंटर टिळक रोडला, मी कोथरूडला. त्या दिवशी टिळक रोडवर काय असतं हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. तरी दोन दिवस आधी रिसेप्शनच्या नंबरवर 'येऊ शकणार नाही' असं व्हॉट्सअ‍ॅप केलं. ब्लू टिक आली, उत्तर नाही. पॅकेजमधलं सेशन गेलं ते गेलंच, वर ₹५०० 'नो-शो' शुल्क. कारण म्हणे रद्द फक्त अ‍ॅपवरून करता येतं. पॅकेजच्या सेशनपुढे रद्दचं बटणच येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अ‍ॅप तुमचंच आहे.

पाचशे रुपयांवर मी भांडले असते आणि विसरले असते. पण तुमच्या माणसाने वसुलीसाठी फोन केला तो माझ्या भावाच्या नंबरवर. फॉर्मवर तो 'आणीबाणीत संपर्क' म्हणून दिला होता. फोन उचलला वहिनीने. 'ताईंचं थेरपीचं सेशन चुकलंय, पेमेंट बाकी आहे,' एवढं तिला सांगून टाकलं. मी कुठे जाते हे घरात फक्त दादाला माहीत होतं. रात्रीपर्यंत आईला कळलं. तुमच्या वेटिंग रूममध्ये वॉटर फिल्टरच्या वर 'इथे बोललेलं इथेच राहतं' अशी फ्रेम आहे. ती उतरवा तरी.

आता आजचा संवाद. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा ताडून बघा.

मी विचारलं, माझ्या भावाला फोन का केला?
'मॅम, तुम्हाला खूप राग आलाय, हे मला जाणवतंय.'
आलाच आहे. फोन का केला?
'हा राग नेमका कशाबद्दल असेल, असं तुम्हाला वाटतं?'
तुम्ही माझ्या वहिनीला फोन केलात, त्याबद्दल!
मग की-बोर्डची टकटक. 'मी तुमच्या थेरपिस्टना नोट टाकते. पुढच्या सेशनमध्ये यावर काम करता येईल. गुरुवारी चारचा स्लॉट आहे, बुक करू?'

म्हणजे चूक तुमची, तक्रार केली की ते माझं लक्षण, आणि इलाज पुन्हा तुमच्याकडेच, ₹१,८०० ला. धंदा म्हणून दाद द्यावी लागेल.

त्या नोटमध्ये काय लिहिलं ते दाखवा म्हटलं, तर 'नोट्स इंटर्नल असतात'. तुमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ बसतात, त्यांनीच माझं निदान करून गोळ्या सुरू केल्या आहेत. त्यामुळे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ तुम्हाला नवा नसावा. कलम २३ मध्ये गोपनीयता आहे. माहिती कधी उघड करता येते त्याचे अपवादही तिथेच आहेत: जिवाला धोका, कोर्टाचा आदेश वगैरे. पाचशे रुपयांची थकबाकी त्यात मला सापडली नाही. वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे.

थेरपिस्टबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. त्यांच्यामुळे मला पुन्हा झोप लागायला लागली. तिथेच परत जाणं तुम्ही अवघड करून ठेवलंत, याचा संताप जास्त आहे.

मला हवं आहे ते असं. नो-शो शुल्क रद्द करा, पॅकेजच्या उरलेल्या सेशनचे पैसे परत करा. माझ्या नोंदींची प्रत द्या. भावाचा नंबर तुमच्याकडे कोणाकोणाला दिसतो ते लेखी कळवा आणि तो काढून टाका. आणि माफी, तीही लेखी. 'तुम्हाला वाईट वाटलं असल्यास' छापाची नको.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे पहिली तक्रार केंद्रप्रमुखाकडे करायची असते, ती ही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ आणि पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आयोगात एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

उत्तर ईमेलवर द्या. फोन नको. मला नको, आणि दादाला तर नकोच नको.

तुमची (अजून तरी) क्लायंट,
कोथरूड, पुणे

ता. क. पॅकेजचं बिल अनेकदा मागूनही मिळालेलं नाही. बिल न देणंही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथांच्या त्याच यादीत आहे.