रांबुयेची मेंढरं

रांबुये, फ्रान्स

तीर्थरूप आबा आणि आईस सा. न. वि. वि.

बापू, हे पत्र आबांना सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. फोन कानाला लावला की आबा "बरी हायस न्हवं? जेवलीस का?" एवढं विचारून आईच्या हातात देतात आणि मला सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून लिहायला बसले.

आबा, मी राहते ते गाव पॅरिसपासून रेल्वेने तासाभराच्या आत आहे. गावात राजाचा मोठा वाडा आहे. त्याला इकडे शातो म्हणतात. आपल्या गडांसारखा तो डोंगरावर नाही, सपाटीला आहे. पुढे पाणी आणि पलीकडे नजर पोचत नाही एवढं जंगल. चौदाव्या शतकातला एक जाडजूड गोल बुरूज अजून उभा आहे. फ्रान्स्वा पहिला हा राजा १५४७ साली इथेच वारला. वॉटर्लूला हरल्यावर नेपोलियनने इथे एक रात्र काढली, आणि १८३० मध्ये दहाव्या शार्लने इथेच गादी सोडली. १९७५ साली सहा बड्या देशांचे प्रमुख पहिल्यांदा एकत्र बसले तेही इथेच. पाहुणे येतात, हे सगळं ऐकतात आणि दिवाणखान्यांचे फोटो काढून परत जातात. बागेपलीकडच्या मेंढीवाड्यापर्यंत फार थोडे येतात. पण आबा, रांबुये हे नाव जगभर नेलं ते इथल्या मेंढरांनीच.

सोळाव्या लुईने हा वाडा १७८३ मध्ये विकत घेतला, तो मुख्यतः शिकारीसाठी. पण त्याला इथे आदर्श शेतीही उभी करायची होती. त्या काळी सगळ्यात बारीक लोकर स्पेनच्या मेरिनो मेंढीची होती, आणि स्पेनवाले ती मेंढी देशाबाहेर जाऊ देत नसत. स्पेनचा राजा लुईच्या भाऊबंदांतला, म्हणून शब्द टाकल्यावर परवानगी मिळाली. साडेतीनशेच्या वर मेंढरं निवडली. सेगोव्हियाहून कळप १७८६ च्या जूनमध्ये निघाला आणि पिरेनीज पर्वत ओलांडून ऑक्टोबरात इथे पोचला. हजार किलोमीटरच्या वर वाट, सगळी पायी! बरोबर स्पेनचेच मेंढपाळ होते आणि कळपापुढे चालायला शिकवलेले खच्ची मेंढे. वाटेत काही जनावरं दगावली.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुमची फार आठवण आली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून घाट उतरायचा, रोज नवं शेत, रोज वाघुरीची जाळी लावून मेंढरं कोंडायची, रात्री लांडग्याच्या भीतीने राखण. त्या स्पेनच्या माणसांचंही तेच चाललं असणार. राजाने कागदावर सही केली. कळप इथवर आणला तो त्यांनी.

पुढे राज्यक्रांती झाली, राजा गेला, राणी गेली, कळप मात्र राहिला. ज्यांनी राजाची मान उडवली त्यांनीच राजाची मेंढरं जपली आणि इथे मेंढपाळांची शाळा काढली. एवढ्यावर थांबले नाहीत. १७९५ मध्ये स्पेनशी तह झाला, त्यात गुप्त कलम घालून आणखी मेरिनो आणायची मुभा मिळवली. त्या खरेदीला झिल्बेर नावाचा पशुवैद्य पाठवला होता. तो १८०० साली तिकडेच तापाने वारला. मेंढरांसाठी परक्या मुलखात जीव गेलेल्या या माणसाची मला वाड्यातल्या सगळ्या राजांपेक्षा जास्त ओढ वाटते.

आता मेंढा कसा असतो ते सांगते. शिंगं वळसे घेऊन गालाला टेकलेली, गळ्याखाली कातड्याच्या जाड घड्या. वरून बघाल तर मळकट, राखाडी, हात लावावासा वाटणार नाही. पण खांद्यावर दोन्ही हातांनी लोकर फाकवली की आत सायीसारखा पांढरा रंग दिसतो. केस इतके दाट की खालचं कातडं दिसायला बोटांनी जोर करावा लागतो. एकेका केसाला बारीक बारीक लाटा असतात. हाताला तेलकट ओशट लागतं आणि तो वास संध्याकाळपर्यंत जात नाही. मला तो वास आवडतो. कातरताना लोकर अंगरख्यासारखी एका तुकड्यात सोलून निघते. आपल्या काळ्या लोकरीसारखी तिची घोंगडी होणार नाही, तिचं कापड अंगालगत घालायचं.

आबा, सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच आहे. स्पेनहून आलेल्या त्या कळपात बाहेरचा एकही मेंढा मिसळू दिलेला नाही. दोनशे वर्षांच्या वर तेच रक्त चालू आहे. जवळच्या नात्यात जोड लागून पैदास खराब होऊ नये म्हणून कळपात वेगवेगळी घराणी पाडली आहेत. कोणता मेंढा कुठल्या मेंढ्यांवर सोडायचा ते वहीत बघून ठरतं. कोकरू जन्मलं की आई, बाप, तारीख, वजन सगळं लिहितात. लढाया झाल्या, सरकारं बदलली, तरी कळप मोडला नाही.

इथूनच मेंढे जर्मनीला गेले, अमेरिकेला गेले. टेक्सासच्या माळावर आज रांबुये याच नावाची जात चरते. तिकडच्या माणसाला हा वाडा ठाऊक नसेल, मेंढी ठाऊक असते. आपल्याकडेही हे रक्त आलं आहे. राजस्थानात अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी संशोधन संस्था आहे. तिथे मालपुरा मेंढीशी रांबुयेचा संकर करून अविकालीन ही जात काढली आणि चोकला मेंढीशी करून अविवस्त्र.

आई, तुझ्यासाठी दुसरं एक. राणी मारी आंत्वानेतला हे गाव मुळीच आवडत नसे. तिचं मन रमावं म्हणून राजाने इथे दुधाचा महाल बांधला, १७८७ चा. आत संगमरवर, गारव्यासाठी दगडी गुहा आणि गुहेत शेळीशेजारी बसलेल्या बाईची मूर्ती. दूध प्यायला चिनी मातीची खास भांडी घडवून घेतली होती. पाहिल्यावर मला पहाटे धारा काढून वर चूल पेटवणारी तू दिसलीस. एवढा देखणा महाल, आणि दोनच वर्षांत राज्यक्रांती.

इकडे वाड्यांची नावं कुठे कुठे सापडतात! शाँतियी नावाचा एक वाडा पॅरिसच्या उत्तरेला आहे. त्याचं नाव घोटलेल्या गोड सायीला आहे आणि काळ्या रेशमी लेसलाही. पॅरिसच्या मेट्रोची एक नंबरची गाडी व्हँसेनच्या किल्ल्यापाशी संपते, तेच स्टेशनाचं नाव. बापू, तुला गाड्यांचं वेड, म्हणून सांगते: सिम्का या फ्रेंच कंपनीने १९५० च्या दशकात मोटारींना व्हर्साय, त्रियानाँ, शाँबोर अशी वाड्यांचीच नावं दिली होती. त्या गाड्या कधीच बंद झाल्या. मेंढी अजून विते, म्हणून मला तीच मोठी वाटते.

आबा, आता माझं मागणं ऐका. आपली दख्खनी मेंढी या मेंढीपेक्षा कशातही कमी नाही. लोकर जाड आहे हे खरं, आणि कातरणाऱ्याची मजुरीही त्या लोकरीतून सुटत नाही हेही मला माहीत आहे. पण दुष्काळात वाळल्या काडीवर जगणारी, दिवसभर चालून संध्याकाळी कोकराला पाजणारी मेंढी इथल्या कोणत्या कळपात आहे? तुमच्या डोक्यात तिच्या चार-पाच पिढ्या पाठ आहेत. कुठली मेंढी कुणाची, कुठल्या मेंढ्याची पिल्लं तगली, कुठल्याची नाही. ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि बाजारात मांस भरतं म्हणून जो तो बाहेरचा मेंढा आणून सोडतोय.

म्हणून या खेपेला कोकणात उतरण्याआधी बापूला घेऊन बसा. त्याने एक जाड वही आणावी. तुम्ही एकेक मेंढी ओळीने सांगा, त्याने लिहावं: तिचं नाव, खूण, आई, बाप, वेत. नवीन कोकरू झालं की त्याच रात्री नोंद. आणि तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला मेंढा कुणी कितीही पैसे दिले तरी मी येईपर्यंत विकू नका. त्याची पिल्लं मला मोजायची आणि तोलायची आहेत. तागडी मी येताना आणते.

इकडे थंडी सुरू झाली आहे. आईने दिलेली घोंगडी रात्री अंगावर असते. माझी काळजी करू नका. आबा, गुडघ्याला तेल लावत जा आणि घाट उतरताना या वर्षी तरी घोड्यावर बसा.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
ताई