कुर्डुवाडीच्या काकांना, पुण्याहून

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

बाबांच्या खेळण्यातल्या रेल्वेचं, तुम्ही दुरुस्त केलेलं इंजिन पोचलं. फोनवर एवढंच सांगू शकले, पुढे शब्दच फुटेना. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्या हातून काय झालंय ते चार लोकांना कळायलाच हवं.

हे इंजिन मामांनी आपल्या भावजींसाठी, म्हणजे माझ्या बाबांसाठी, 1962 साली लिव्हरपूलहून आणलं. मामा बोटीवर नोकरीला होते. खोक्यावर ‘ट्राय-अँग रेल्वेज’ असं छापलेलं आणि आत हिरवी ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’. त्या नावाच्या खऱ्या वाफेच्या इंजिनाची गोष्ट बाबांना तोंडपाठ होती: 16 नोव्हेंबर 1936 ला ती लंडनहून निघाली आणि 401 मैल कुठेही न थांबता, सहा तासांच्या आत ग्लासगोला पोचली. दर रविवारी खोलीभर रूळ मांडले जायचे आणि दर रविवारी ही गोष्ट सांगितली जायची. बाबा गेल्यावर खोकं कपाटात गेलं ते तिथेच राहिलं. मग कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममधून माझा मुलगा घरी आला तो थेट कपाटापाशी गेला. आजोबांचं इंजिन का चालत नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी ते दोन ठिकाणी जाऊन आलं होतं. पहिल्या कारागिराने मोटर पूर्ण उघडली, आर्मेचर, म्हणजे तिचा फिरणारा भाग, बाहेर काढून ठेवलं आणि कधीतरी पुन्हा जोडून दिलं. इंजिन हातात धरलं की चाकं भरभर फिरायची, पण रुळावर दोन डबे जोडले की ते तापायचं आणि जागीच थांबायचं. “जुनंच आहे, एवढंच चालणार,” म्हणाला. दुसऱ्याने न विचारता चकचकीत हिरवा रंग मारला, इतका जाड की रिव्हेट दिसेनात. पुढच्या बोगीची, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेली छोटी, चाकं त्याच्याकडून हरवली. विचारायला गेले तर म्हणाला, “खेळणंच आहे ना ताई, नवीन घ्या.” हे वाक्य अजून आठवलं की माझा जीव जळतो. पैसे दोघांनीही पुरते घेतले.

तुम्ही मात्र आधी फक्त पाहिलंत. भिंग लावून, उलटं करून, चाक हळूहळू फिरवून. मग मला समजावलंत की त्या काळच्या मोटरमधला मॅग्नेट जपावा लागतो. मॅग्नेटच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा न ठेवता आर्मेचर काढलं, तर त्याची ताकद उतरते. मॅग्नेट कमजोर झाला की मोटर करंट जास्त ओढते आणि जोर मात्र कमी देते. इतक्या सोप्या शब्दांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. आणि आधीच्या माणसाबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, “घाई झाली असेल त्याला.” मला तेवढं मोठं मन दाखवता आलं नसतं.

तुमचं काम तर पाहत राहावं असं. नवा निओडिमियम मॅग्नेट बसल्यावर इंजिन इतकं हळू चालतं की दांड्यांची हालचाल मोजता येते. जाड रंग थोडा थोडा करून उतरवलात, कारण थिनर लावला असता तर प्लास्टिकच गेलं असतं. बॉयलरच्या कडेचा मोडका कठडा काढून 0.45 मिलिमीटरची पितळी तार बसवलीत. खऱ्याच्या 76 पट लहान, या 1:76 च्या मापाने ती खऱ्या इंजिनावर 34 मिलिमीटरची होते, म्हणजे माणसाच्या मुठीत मावेल एवढी. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, खरा कोळसा, कुटून, चाळून. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि फायरमन. आणि काजळी! धुराड्यामागे थोडी, सेफ्टी व्हॉल्व्हखाली पाण्याच्या क्षाराचे पांढरट ओघळ, दांड्यांवर तेलाची चमक, बाकी बॉयलर स्वच्छ. “इंजिन वापरातलं दाखवायचं म्हणजे त्याला काळं फासायचं नाही,” असं तुम्ही म्हणालात. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये बार्शी लाईट या छोट्या रेल्वेची, 762 मिलिमीटर गेजची (रुळांमधलं अंतर) इंजिनं उघडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या हाताला ओघळ कुठून येतो हे शिकवावं लागत नाही.

पण काका, मला रडू आलं ते इंजिन पाहून नाही. खोक्याच्या तळाशी कागदाच्या पुड्या होत्या, त्या उघडताना आलं. वर्तमानपत्राच्या छोट्या पुड्या, प्रत्येकीवर निळ्या शाईत तुमचं अक्षर. ‘जुना मॅग्नेट’. ‘कार्बन ब्रश, अजून थोडे चालतील’. ‘कठडा, मूळचा, दोन तुकडे’. ‘स्क्रू, कंपनीचा, आटे गेलेला’. आटे गेलेला स्क्रूसुद्धा तुम्ही परत पाठवलात! खरवडलेल्या रंगाखाली बाबांनी कधीतरी ब्रशने दिलेला हिरव्या रंगाचा ठिपका सापडला, तो तसाच राखून शेजारी चिठ्ठी ठेवलीत: ‘हा हात घरातला वाटतो, म्हणून झाकला नाही.’ काका, तो घरातलाच हात होता.

मुलाला डीसीसीची, म्हणजे डिजिटल सिग्नलने इंजिन चालवायची, चिप हवी होती, तेव्हाही तुम्ही घाई केली नाहीत. या मोटरला करंट देणारा एक कार्बन ब्रश थेट चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेला असतो, तो वेगळा केल्याशिवाय चिप जळते, हे त्याला दाखवलंत. त्या ब्रशच्या स्प्रिंगवर बारीक नळी चढवून तेवढी सोय करून ठेवलीत, आणि नळी काढली की इंजिन पुन्हा 1962 सारखं होईल हेही सांगितलंत. परत फिरवता येणार नाही असं तुम्ही एकही काम केलेलं नाही.

लहानपणी आमच्या आळीत एक शिंपी होते, ते शिवलेल्या झग्याबरोबर उरलेलं कापड घडी घालून परत द्यायचे, बोटभर चिंधीसुद्धा. आई म्हणायची, कापड आपलं असतं हे त्यांना माहीत आहे. लोकांची वस्तू आपल्या हातात असतानाही लोकांचीच असते, हे जाणणारी माणसं मला फार मोठी वाटतात. ती कुठे मिरवत नाहीत. हिशेबाच्या कागदावर तुम्ही मजुरी लिहिलीत ती वाचून मला संकोच वाटला, इतकी कमी. वाढवून पाठवली तर जास्तीची रक्कम परत आली. तिथेही तुम्ही तेच केलंत.

मामा आता थकलेत, पण इंजिन चालताना पाहायचंय म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी रूळ मांडणार आहोत. तुम्ही आणि काकूंनी यायचंच आहे. कुर्डुवाडीहून पुण्याला थेट गाड्या आहेत, तिकिटं मी काढते, तेवढं मात्र नाही म्हणू नका. काकूंना कुठल्या गाडीने सोयीचं पडेल ते कळवा.

आपली,
पुण्याची इंजिनवाली ताई