खंदकांच्या लढाईत पुण्याची माणसं पण होती

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धातले खंदक आणि नवी शस्त्रं यावर पानभर लेख आला होता. मशीनगन, क्लोरिन गॅस, सोमच्या लढाईत १९१६ च्या सप्टेंबरात आलेले टँक, सगळं नीट दिलंय, पण अख्ख्या लेखात पुणे हा शब्द एकदा पण नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात आजोबांच्या थोरल्या काकांचं मेडल आहे. ब्राँझचं, समोर पंखवाली बाई, रिबीन पार विटलीय. कडेला भिंग धरलं की नंबर, नाव आणि ११० मराठा हे पलटणीचं नाव एवढं वाचता येतं. माणूस परत आला नाही, मेडल तेवढं आलं.

लढाईच्या आधी खडकीत ट्रेनिंग घेतलेले सॅपर्स, म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, तारा तोडणारे कसबी लोक, त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या आणि २८ ऑक्टोबर १९१४ ला तिथल्या न्यूव्ह शापेल गावी त्यांना साध्या पायदळासारखं मशीनगनपुढं धाडलं, त्यात त्यांचे जवळजवळ सगळे ऑफिसर पडले. इतकी वर्षं शिकवून तयार केलेली माणसं एका दिवसात गेली याचं मला अजून वाईट वाटतं. पुढं एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममध्ये ईप्रला जर्मनांनी गॅस सोडला तेव्हा आपल्या हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनच्या शिपायांकडं मास्क नव्हते, ओला रुमाल नाहीतर पागोट्याचं टोक भिजवून तोंडाला धरायचं. स्टीलची हेल्मेटं पण नंतर आली. मारायची मशिनं आधी आली आणि जीव वाचवायच्या वस्तू मागून, माझ्या मते हीच त्या लढाईची मुख्य गोष्ट आहे आणि तुमच्या लेखात तीच राहिली.

आणि कुत, आजच्या इराकमधलं. सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी, आणि तिघी पण टायग्रिस नदीच्या वळणात कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिथं पण खंदकच, पण चिखलाचे, नदीला पूर आला की पाणी आत. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस बरेच दिवस खाल्लं नाही, मिळेल तो पाला उकडून खायचे, हिरड्या सुजून रक्त यायचं. पीठ दळायला जात्याच्या तळ्या नव्हत्या तर त्या विमानातून टाकल्या, शेवटी शेवटी धान्याची पोती पण टाकायला लागले. विमानं इतकी थोडी आणि इतकी कमजोर की त्यानं एवढ्या लोकांचं पोट भरणं शक्यच नव्हतं. शरणागतीनंतर उपाशी माणसांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येक वाटेतच गेले, बाकीच्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचे काका नेमके कुठं गेले ते घरात कुणालाच कळलं नाही.

इराकमधल्या बसरा मेमोरियलवर, म्हणजे तिकडं मेलेल्यांच्या स्मारकावर, ४० हजारांच्या वर लोकांची नोंद आहे, पण भारतीय साध्या शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत, नुसता आकडा. साहेबांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत, शिपायांची नाहीत. २०२१ मध्ये या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं अशा भेदभावाबद्दल माफी मागितली, ती बातमी आपल्याकडं किती जणांनी वाचली?

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा पुणे, सातारा, रत्नागिरीच्या घराघरांत पडलेली मेडलं, पत्रं, फोटो लोकांकडून मागवा आणि नावासकट छापा. पुण्यातल्या शाळांनी पण मुलांना खडकीच्या वॉर सेमेटरीत एकदा न्यावं, तिथं १९१४-१८ चं स्मारक आहे, त्याच्याशेजारून आपण रोज गाड्या पळवतो. मेडलचा फोटो सोबत जोडलाय. कडेचं नाव मोठं करून छापलंत तर बरं होईल, शंभर वर्षांत ते घराबाहेर कुणी वाचलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, नारायण पेठ, पुणे